टाकीच्या गेमचा दुसरा भाग

लवू धुरी तेहतीस वर्षं पाण्याच्या खात्यात चावीवाला होता. चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या व्हॉल्वमध्ये छातीएवढी उंच लोखंडी चावी घालून ती फिरवणारा माणूस. पहाटे खालच्या गल्लीला पाणी सोडायचं, दीड तासाने बंद करायचं, मग वरच्या पाड्याला सोडायचं. प्रत्येक व्हॉल्वचे आटे, म्हणजे चावीचे फेरे, ठरलेले. कुणाचे बावीस, कुणाचे चाळीस. ते कुठे लिहिलेले नसत. चावीवाल्याच्या डोक्यात असत, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जात.

लवू निवृत्त होऊन भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकशे चौदा व्हॉल्वचे आटे होते. घरात एकच नळ होता आणि तो तीन आट्यांत उघडत असे.

बायको दर्शना मुलुंडला एका दातांच्या डॉक्टरकडे नावं लिहून घ्यायला जायची, दहा ते चार. मुलगी निधी अंधेरीच्या कंपनीत होती, तिची हैदराबादला बदली झाली. तिने स्वतःच्या पगारातून टीव्हीवर गेम खेळायचं एक काळं मशीन घेतलं होतं. पीजीत चोऱ्या होतात म्हणून ते इथेच ठेवून जाताना ती म्हणाली, "पप्पा, आठवड्यातून एकदा हे चालू करत जा. दमट हवेनं आत बुरशी धरते."

सांगितलेलं काम वेळेवर करायची लवूला सवय होती. दर सोमवारी साडेदहाला तो मशीन चालू करी, समोर खुर्ची घेऊन दहा मिनिटं बसे आणि बंद करी. सहा सोमवार असे गेले. सातव्या सोमवारी दर्शनाला सुट्टी होती. तिने हा प्रकार पाहिला आणि निधीला फोन लावला. "अगं, हे नुसते समोर बसून असतात. मला भीती वाटते. ह्यांना काहीतरी दाबायला सांग."

निधीने रिमोटवरचं गोल बटण दाबायला सांगितलं. लवूने दाबलं. अशी सुरुवात झाली.

पहिला गेम राक्षसाचा होता. राक्षस म्हणजे पंखवाला, आग ओकणारा. त्याने उत्तरेकडची गावं जाळत आणली होती, आणि गावची एक बाई हात जोडून लवूला लवकर निघायला सांगत होती. लवूने तिचं ऐकून घेतलं. मग त्याला चौकात कारंजं दिसलं. कारंजं चांगलं पुरुषभर उडत होतं, आणि गावात उंचावर टाकी कुठेच नव्हती. एवढं प्रेशर येतं कुठून, हे बघायला तो ओढ्याच्या काठाकाठाने वर निघाला. चालत चालत त्याला नऊ दिवस लागले. वाटेत दोन लांडगे भेटले, त्यांना त्याने वळसा घातला. नवव्या दिवशी डोंगराच्या अर्ध्यावर एका सपाट दगडापाशी ओढा संपला. दगडाच्या मागे काही नव्हतं. पाणी तिथूनच सुरू होत होतं.

त्याने निधीला फोन केला. "ह्या लोकांनी पाणी मधूनच सुरू केलंय."

"पप्पा, ड्रॅगन मारलात का?"

"तो बघू नंतर. आधी हे सांग, ह्याची तक्रार कुठे करतात?"

तक्रार करायची सोय नव्हती. पण फोन ठेवता ठेवता पडद्याच्या कोपऱ्यात टिंग झालं आणि एक सोनेरी चकती आली. पन्नास किलोमीटर पायी चालल्याबद्दल. निधी म्हणाली, याला अचीव्हमेंट म्हणतात. लवू त्याला बिल्ला म्हणू लागला. या गेमात पहिली उडी मारली की बिल्ला मिळे, पहिला मासा पकडला की मिळे, नुसता दरवाजा उघडला तरी एक मिळाला. लवूने हजारो वेळा पाणी सोडलं होतं आणि त्याबद्दल त्याला कधी टिंग ऐकू आलं नव्हतं. हे तो कुरकुरीने म्हणाला नाही. दर्शनाला माहिती म्हणून सांगितलं.

मग ट्रकचा गेम आला. तो दर्शनालाही आवडला. संध्याकाळी चहा घेऊन ती शेजारी बसे आणि लवू जर्मनीतून सिमेंटचे पाइप घेऊन निघे. "अहो, इथे जरा थांबवा ना. केवढं छान तळं आहे," ती म्हणे. लवू म्हणे, "माल पोचवूचो आसा." दर्शनाने अशी अर्धी जर्मनी काचेतून, न थांबता पाहिली. क्रिकेटचाही एक गेम होता, त्याचा दर वर्षी नवा भाग येई. लवूने गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन्ही लावून पाहिले. फरक त्याला एकच सापडला. सीमारेषेवरच्या जाहिराती बदलल्या होत्या. "खात्यात पण असंच होतं," तो निधीला म्हणाला. "व्हॉल्व तोच, नुसता रंग मारतात."

दोन महिन्यांनी निधीचाच फोन आला. आवाज दबका. "पप्पा, तुम्ही माझ्या नावावर खेळताय."

"तुझंच मशीन ना?"

"हो, पण माझ्या ऑफिसमधले सगळे माझ्या लिस्टवर आहेत. मी कधी काय खेळते ते त्यांना दिसतं. काल मीटिंगमध्ये सर म्हणाले, निधी, अकरा वाजता तू डेन्मार्कमध्ये ट्रक चालवत होतीस."

तिने त्याच दिवशी फोनवरूनच त्याच्यासाठी वेगळं खातं उघडून दिलं. नाव काय ठेवू विचारलं. तो म्हणाला, 'लवू गोविंद धुरी, निवृत्त.' ते बसेना. शेवटी 'चावीवाला' ठेवलं. खातं उघडलं तेव्हा त्यात शून्य बिल्ले होते. जुने सगळे निधीकडे राहिले.

"म्हणजे माझी आजवरची सर्व्हिस गेली?" लवूने विचारलं.

"पप्पा, तो गेम आहे."

"बदली झाली तरी सर्व्हिस तुटत नाही, निधी. सर्व्हिसचं पुस्तक माणसाच्या मागून येतं."

इथे येत नव्हतं. लवूने पुन्हा पहिल्यापासून उडी मारली, मासा पकडला, दरवाजा उघडला आणि पन्नास किलोमीटर चालला. या खेपेला लांडग्यांची जागा त्याला माहीत होती.

टाकीचा गेम त्याला यानंतर सापडला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, लवूने ते वाचायचे कष्ट घेतले नाहीत. एक म्हातारा असतो. शहराखाली जुनं, सोडून दिलेलं पाण्याचं जाळं असतं. म्हाताऱ्याने हातात चावी घेऊन खाली उतरायचं, व्हॉल्व एकामागून एक योग्य क्रमाने उघडायचे आणि शहरातल्या टाक्या भरायच्या. मारामारी नाही. कुणी हात जोडत नाही. बोलायलाही कुणी नाही, फक्त पाइपांतून पाण्याचा आवाज.

लवू पहिल्या दिवशी जेवायला उठला नाही. दर्शना चारला आली तेव्हा झाकलेली भाजी तशीच होती. "काय झालं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "ह्यात आटे मोजूक लागतंत." एवढं म्हणून परत वळला.

नऊ दिवसांत त्याने गेम संपवला. चाळीसपैकी चाळीस बिल्ले. शेवटचा बिल्ला सगळ्या टाक्या एकही थेंब वाया न घालवता भरण्याचा होता. निधीने फोनवर तो पाहिला आणि ओरडलीच. "पप्पा! हा जगात फक्त एक टक्का लोकांकडे आहे!"

लवूने विचारलं, "एक टक्का म्हणजे माणसं किती?"

"असतील पाच-सहा हजार."

"बापरे," लवू म्हणाला. त्याला वाटलं होतं, वीस-पंचवीस असतील. तो जरा हिरमुसला. पण संध्याकाळी खाली दूध आणायला गेला तेव्हा दुधवाल्याला कारण नसताना म्हणाला, "तुझा तो नळ चार महिने गळतोय बघ," आणि खिशातून पकड काढून तिथल्या तिथे दुरुस्त करून दिला. पकड खिशात कशी, हे दुधवाल्याने विचारलं नाही.

गणपती झाल्यावर टाकीच्या गेमचा दुसरा भाग आला. लवूने तो आला त्या सकाळी लावला. सुरुवातीलाच पाटी आली आणि त्याने निधीला फोन करून तिचा अर्थ विचारला. हा भाग दोघांनी मिळूनच खेळायचा होता. दोन म्हातारे, दोन चाव्या. एकट्याला पुढे जाताच येत नव्हतं.

पहिला प्रयत्न दर्शनाबरोबर झाला, रविवारी. पहिल्याच तळघरात भिंतीवर जुनी चित्रं होती. दर्शनाने व्हॉल्व धरून उभं राहायचं आणि लवूने बोगद्यातून पलीकडे जायचं असं ठरलं. लवू बोगद्याच्या मध्यावर असताना दर्शना चित्रं बघायला गेली.

"सोडू नको गो! बुडालंय मी!"

"अहो, केवढा सुंदर मोर काढलाय!"

असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तिने रिमोट सोफ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याबरोबर संसार केला तेवढा पुरे. चावी दुसऱ्या कुणाबरोबर फिरवा."

निधीने हैदराबादहून लॅपटॉपवर खेळून पाहिलं. तिच्या पीजीतलं नेट असं होतं की तिचा म्हातारा एक पाय उचलून तसाच उभा राही आणि दोन मिनिटांनी एकदम पलीकडच्या भिंतीत उगवे. तिने नाद सोडला. "शेलारकाकांना बोलवा ना, पप्पा," ती म्हणाली. "ते असतील घाटकोपरला."

लवूने फोन दर्शनाकडे दिला.

रतन शेलार हा लवूचा जोडीदार होता. मोठ्या लाइनीचा व्हॉल्व एका माणसाला फिरत नाही. चावीला आडवा दांडा घालून दोन टोकांना दोघे उभे राहतात आणि घाण्याला जुंपल्यासारखे फिरतात. लवू आणि रतन एकोणीस वर्षं एकमेकांच्या तोंडाकडे बघत असे गोल फिरले. मग एका उन्हाळ्यात, पाणीकपातीच्या दिवसांत, वरच्या पाड्याचा एक व्हॉल्व चार आटे उघडा राहिला. खालच्या सोळा बिल्डिंगांना दिवसभर पाणी चढलं नाही. चौकशी झाली, आणि लवूला मेमो मिळाला. मेमोचं तो काही मनावर घेणारा नव्हता. पण त्याला पंप हाउसमध्ये वही भरायला बसवलं. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्याच्या हातात चावी आली नाही. साहेबाला नाव कुणी सांगितलं तेही त्याला कळलं होतं. तेव्हापासून तो रतनशी एक शब्द बोलला नव्हता. निरोप समारंभात रतन हार घेऊन आला तेव्हा लवूने मान पुढे केली, पण वर पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी रतनची बायको जया गेली. दर्शना घाटकोपरला, असल्फ्यातल्या त्याच्या घरी जाऊन आली. लवू गेला नाही.

अकरा दिवस लवूने ट्रक चालवला. बाराव्या दिवशी त्याने दोन्ही रिमोट घेतले, एक हातात धरला आणि दुसरा जमिनीवर ठेवून उजव्या पायाच्या अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. अंगठ्याने व्हॉल्व धरून ठेवता येत होता. दोन तळघरं त्याने अशी पार केली. एक बिल्लाही मिळाला. दर्शना घरी आली तेव्हा नवरा सोफ्याच्या कडेला तिरका बसला होता, एक पाय ताठ, कपाळावर घाम. तिने पायाखालचा रिमोट उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि टीव्हीपुढे ठेवला. तिसऱ्या तळघरातला बोगदा इतका लांब होता की व्हॉल्व फार वेळ धरून ठेवावा लागत होता. तिथे अंगठा हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने फोन लावला. नंबर डायरीत शोधावा लागला नाही.

"रतन, लवू बोलतोय."

"बोल."

"मंगळवारी मोकळा आहेस?"

"मी रोजच मोकळा असतो. काय काम?"

"चावी फिरवायचीय."

"कुठली?"

"टीव्हीतली."

"किती वाजता?" रतनने विचारलं.

मंगळवारी तो बरोबर अकराला आला. वाळला होता. साखर वाढल्याने चहात घालायच्या गोळ्यांची डबी त्याने बरोबरच आणली होती. दारात चपला काढताना तो म्हणाला, "लिफ्ट झाली की तुमच्याकडे." लवू म्हणाला, "झाली." दोघे टीव्हीसमोर बसले. दर्शनाने पोहे करून झाकून ठेवले होते.

रतनने आयुष्यात असला गेमचा रिमोट धरला नव्हता. पहिला अर्धा तास त्याचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून चालत राहिला. पण व्हॉल्व समोर आल्यावर रतन पुढे झुकला. "ह्याला पॅकिंग नाय. गळणार हा."

"नाही गळत. त्यांनी गळती ठेवलीच नाही."

"मग कसला व्हॉल्व?" त्याने चावी घातली आणि सवयीने डावीकडे फिरवली. व्हॉल्व उघडायच्या ऐवजी घट्ट झाला. दोघांनी एकदमच म्हटलं, "उलट आट्याचा!" जुन्या लाइनीवर असे तीनच व्हॉल्व होते, आणि ते कुठे आहेत हे अख्ख्या विभागात या दोघांनाच माहीत होतं.

पण तिसरं तळघर काही सुटेना. रतनने धरायचं, लवूने बोगद्यातून जायचं. रतन बटण धरे, मध्येच त्याचा अंगठा घसरे, पाणी घुसे आणि लवू बुडे. दहा वेळा झालं. पंधरा वेळा झालं. प्रत्येक वेळी लवूचा म्हातारा हात वर करून फिरत फिरत खाली जाई. चोविसाव्यांदा तो बोगद्याच्या तोंडाशी, अगदी एक पाऊल राहिलं असताना बुडाला.

"सोडलंस," लवू म्हणाला.

"घसरला रे हात."

"तुझा हात बरोबर वेळ बघून घसरतो. साहेबासमोर घसरला तसा."

रतनने रिमोट मांडीवरून काढून टीपॉयवर ठेवला. पडद्यावर त्याचा म्हातारा नुसता उभा राहिला.

"मीच सांगितलं होतं साहेबाला," रतन म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग इतक्या वर्षांत विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं?"

"मी विचारतो मग. चार आटे उघडा कुणी ठेवला होता?"

लवूने टीव्हीकडे पाहिलं. "मी."

"का?"

"वरच्या पाड्यात हळद होती. नवरीची आई रडत आली. तासाभराचं पाणी द्या म्हणाली. मी तास धरला होता. मग दुसरीकडे पाइप फुटला म्हणून बोलावणं आलं, तिथे गेलो, आणि राहिलं."

"हे मला सांगितलं असतंस तर मी जाऊन बंद केला असता."

"लक्षात नाही आलं."

"साहेबानं मला समोर उभं करून विचारलं. मला खोटं बोलता येत नाय, लवू, तुला माहीत आहे. खालच्या बिल्डिंगांतल्या बायका हंडे घेऊन खात्यात आल्या होत्या."

"खोटं बोल म्हणतंय कोण? आधी मला येऊन सांगायचंस. साहेबाच्या शिपायाकडून कळलं मला."

रतनने विचार केला. तो घाईने बोलणाऱ्यातला नव्हता. "ते चुकलं," तो म्हणाला.

लवूने रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मी जयाच्या वेळी आलो नाही."

"नाय आलास."

"यायला पाहिजे होतं."

"हो. पाहिजे होतं."

वरच्या मजल्यावर कुणीतरी फरशीवरून पलंग ओढत होतं. लवू उठला, पोह्यांवरचं झाकण काढलं, दोन बशा भरल्या. पोहे निवले होते. दोघांनी ते खाल्ले. रतनने बशी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले, दोन्ही अंगठे नीट कोरडे केले आणि रिमोट उचलला.

"घे परत," तो म्हणाला.

लवू बोगद्यात शिरला. रतनने धरलं. लवू मध्यावर आला, पलीकडचा उजेड दिसला, आणि रतनला पोह्यांची ढेकर आली. लवू बुडाला.

टिंग झालं. दोघांच्याही नावाने एक चकती आली. खालची ओळ लवूने फोन टीव्हीसमोर धरून निधीकडून वाचून घेतली. एकाच जोडीने पंचवीस वेळा बुडाल्याबद्दल.

"ह्याचा पण देतात?" रतनने विचारलं.

"सगळ्याचा देतात."

"साला," रतन म्हणाला. पण चकती जाईपर्यंत तो बघत होता.

त्या दिवशी तिसरं तळघर सुटलं नाही. शुक्रवारी सुटलं. त्यापुढे मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. दर्शना सकाळी पोहे, नाहीतर उपमा, झाकून जाई. लवू दर खेपेला उठून ते दोनदा गरम करी. रतन असल्फ्याहून अकराला येई आणि दर्शना यायच्या आत निघे, कारण ती आली की जेवून जा म्हणे आणि तिच्या हातच्या भाताने साखर वाढे.

दुसरा भाग कसा आहे, यावर दोघांचं एकमत झालं नाही. लवूच्या मते पहिलाच चांगला होता. दुसऱ्यात रंगीत दिवे फार, वाजंत्री फार, आणि जिथे म्हणून पाण्याचा आवाज ऐकायचा तिथे नेमकं कुणीतरी पियानो वाजवतो. रतनने पहिला पाहिलाच नव्हता. त्याचं म्हणणं, ह्यांनी प्रेशर बरोबर दाखवलंय. खालचा उघडला की वरचा पडतो, हे खात्यातल्या इंजिनिअरला कळायला दोन वर्षं लागली होती. "ज्यानं हा गेम केला ना," रतन म्हणाला, "त्याचा बाप चावीवाला असणार." लवूने हे मान्य केलं नाही. चावीवाल्याच्या पोराने पियानो ठेवला नसता.

दिवाळीच्या आधी गेम संपला. शेवटच्या दृश्यात दोघे म्हातारे वर उघड्यावर येतात आणि शहरातल्या खिडक्यांत दिवे लागत जातात. रतन म्हणाला, "पाणी आल्यावर दिवे कशाला लागतील?" पण म्हणताना त्याने आवाज खाली ठेवला होता.

बावन्नपैकी एक्कावन्न बिल्ले झाले. राहिलेला एक, सगळा गेम सहा तासांत संपवण्याचा होता. दिवाळीला निधी घरी आली तेव्हा तिला तो एक बघवेना. "पप्पा, एकच राहिलाय! तुम्हाला रस्ता पाठ आहे. एका दिवसात होईल."

"नको," लवू म्हणाला.

"का पण?"

रतन फराळाला आला होता. चकलीचा तुकडा मोडत त्याने उत्तर दिलं. "निधी, व्हॉल्व घाईत उघडला की लाइनीतला गंज उठतो. पाणी लाल येतं. मग चार दिवस लोक शिव्या घालतात."

"काका, गेममध्ये लाल येत नाही."

"आपण तशी सवय लावायची नाय."

निधीने वडिलांकडे पाहिलं. वडील मान हलवत होते. एक्कावन्नवर गेम राहिला तो राहिलाच. हैदराबादला गेल्यावर तिने ऑफिसमध्ये ही गोष्ट सांगितली, आणि तिच्या सरांनी 'चावीवाला'ला मैत्रीची विनंती पाठवली. लवूने ती स्वीकारली नाही. साहेब लोकांशी त्याला आता संबंध नको होता.

डिसेंबरात रतनच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याचा मुलगा नंदू दुबईला असतो; सही करायला आणि बाहेर बाकड्यावर बसायला लवू गेला. नर्सने फॉर्मवर नातं विचारलं. लवूने बराच वेळ पेन धरून ठेवलं. शेवटी 'जोडीदार' लिहिलं. नर्सने ते वाचून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि फॉर्म फाइलला लावला.

डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही बघायचा नाही असं बजावलं. पहिल्या मंगळवारी लवूने रतन येणार नाही असं धरून चालून एकट्याचा एक नवीन गेम लावला होता, समुद्राखालच्या बोगद्यांचा. बरोबर अकराला बेल वाजली. रतन काळा चष्मा लावून दारात उभा होता.

"डॉक्टरनं सांगितलंय ना नको म्हणून?"

"बघायला नको सांगितलंय."

त्याने खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसला. दर्शना त्या दिवशी घरीच होती. तिने तिथून विचारलं, "भाऊजी, असे बसून तुम्हाला काय कळणार?"

रतनने हात वर करून तिला थांबवलं. रस्त्यात लोखंडी चावीला कान लावून लाइनीतलं पाणी ऐकताना तो असाच थांबवत असे.

"लवू," तो म्हणाला, "डावीकडे पाणी वाहतंय. तिकडे जा."

लवू डावीकडे गेला.